हजेरी

स्वतःच्या सत्काराआधी कुलथे सरांनी जुन्या वर्गाची हजेरी घ्यायचा हट्टच धरला. विद्यापीठाच्या सभागृहात जिल्हाधिकारी, आमदार, कुलगुरू एकेक करून उठत “हजर सर” म्हणू लागले.

“वासंती ढोबळे.”

वासंती आता मंत्री होती आणि अधिवेशनात अडकली होती. तरी आवाज बदलून कुणीतरी म्हणालं, “हजर सर.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. वासंतीची मैत्रीण, उच्च न्यायालयाची न्यायमूर्ती, मान खाली घालून बसली होती.

“ती मोर्चाला जायची तेव्हाही तूच बोलायचीस. मला कळायचं,” सर म्हणाले. “आता तरी खोटी साक्ष बंद कर.”

“कळूनही तुम्ही हजेरी लावलीत, म्हणून ती परीक्षेला बसू शकली,” न्यायमूर्ती उठून म्हणाल्या. “सर, तुम्ही सहआरोपी आहात.”

सरांनी वासंतीची हजेरी लावली आणि पुढचं नाव घेतलं.