तीसही उत्तरं सारखी

या शाळेत लबाडी सापडली, तर तपासणीला आलेल्या साहेबांना शिक्षण उपसंचालकाची खुर्ची मिळणार होती. नाही सापडली, तर निवृत्तीपर्यंत असेच शाळाशाळांतून हजेरीपट चाळत फिरायचं. तेव्हा लबाडी सापडणं दोघांच्याही हिताचं होतं, साहेबांच्या आणि खुर्चीच्या.

आणि संशयाला जागाही होती. पुलापलीकडच्या वस्तीतल्या मुलांचा शालान्त परीक्षेचा निकाल कधी चाळीस टक्क्यांपुढे गेला नव्हता. यंदा एकदम नव्वद. पुलाअलीकडची, ज्यांच्या घरी अभ्यासाचं टेबल होतं आणि शिकवणीचे मास्तरही, ती मात्र ऐंशीवरच.

साहेबांनी खिशातली डायरी काढली. ऐंशी अधिक नव्वद, एकशे सत्तर. त्याचे निम्मे पंच्याऐंशी.

"बाई, शाळेचा एकूण निकाल तुम्ही साडेब्याऐंशी लिहिलाय. पंच्याऐंशी हवा."

मुख्याध्यापिकाबाईंनी डायरीत डोकावून पाहिलं. "नाही साहेब, अलीकडची मुलं नव्वद जण आहेत, पलीकडची तीसच. त्यामुळे..."

"मला गणित शिकवू नका, बाई. मीही एके काळी बदली शिक्षक म्हणून पाच-सहा शाळांत फळा पुसलाय. तिथूनच वर चढलोय."

बाईंनी निकालपत्रक मिटलं. साहेबांनी मनात नोंद केली: जास्तीचं दाखवणारे पुष्कळ पाहिले, कमी दाखवणारे त्यांच्याहून बेरकी.

शिपाई मावशी चहा घेऊन आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, पदराला हात पुसत. कप ठेवताना म्हणाल्या, "बिनसाखरेचा आहे, साहेब."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कळतं माणसाकडं बघून," मावशी म्हणाल्या आणि जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. साहेबांनी तीही नोंद केली.

दुपारपर्यंत त्यांनी परीक्षा मंडळाकडून सोबत आणलेल्या गणिताच्या उत्तरपत्रिका उलथ्यापालथ्या केल्या आणि घबाड हाती लागलं. सतरावा प्रश्न, गुण तीन. दोन वर्गांच्या सरासऱ्या दिलेल्या, दोन्ही वर्गांची मिळून सरासरी काढायची. पलीकडच्या तीसही मुलांचं उत्तर साडेसदुसष्ट. तीसही ठिकाणी लाल फुली. साहेबांनी गणित सोडवून पाहिलं नाही. त्यांना उत्तराशी कर्तव्य नव्हतं, सारखेपणाशी होतं.

"बरोबर उत्तर तिसांचं सारखं येईल, बाई. चुकीचं कसं येतं?"

"एकाच ठिकाणी शिकली असतील," बाई सावधपणे म्हणाल्या.

"की एकाच चिठ्ठीवरून उतरवलं असेल?"

"साहेब, त्यातली तीन नापास झालीत. दोघं तर दोन-दोन गुणांनी गेलीत. चिठ्ठी असती तर गेली असती का?"

"देखाव्याला तेवढं लागतंच."

निघता निघता त्यांचं लक्ष घंटेकडे गेलं. दोरीवर पांढऱ्या बोटांचे ठसे होते. घंटा वाजवणाऱ्याच्या हाताला खडू कशाला? साहेबांनी शेजारच्या खोलीचं दार ढकललं. झाडू, बादल्या, पाण्याचं पिंप आणि पिंपामागे भिंतीला टेकवलेला एक फुटका फळा. फळ्याच्या आडोशाला खाकी वेष्टनाची जुनी वही.

मावशींना बोलावणं गेलं.

"हे काय चालतं इथे?"

मावशींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

"बाईंचा दोष नाही, साहेब. पोरं सकाळी साडेसहाला येतात. घरात बसायला जागा नसते त्यांच्या. पहिल्या घंटेपर्यंत मी शिकवते."

"तुमचं शिक्षण काय?"

"शालान्त नापास. गणितात दोन मार्कांनी गेले."

साहेबांना हसू आवरेना. "म्हणजे बुडालेली माणसं पोहायला शिकवतात इथे!"

"मी कुठली शिकवणार? वही शिकवते. आमच्या सरांनी स्वतः तपासलेली आहे. माझंच डोकं कमी पडलं, त्यांचं शिकवणं सोन्यासारखं होतं. गणिताचे गुरुजी वेगळं काही सांगायला लागले, तर मी पोरांना म्हणते, वहीत काय आहे ते बघा."

"बस झालं. शिपायानं शिकवणं नियमात बसत नाही. आणि कुठल्या सरांनी काय पुरवलं, ते आम्ही शोधून काढू."

"काढा, साहेब," मावशी शांतपणे म्हणाल्या. "नोकरी माझी न्या. पोरांचे निकाल तेवढे राहू द्या."

साहेबांनी तिथेच, बाईंच्या टेबलावर अहवाल लिहिला. उत्तरं बाहेरून पुरवल्याचं सिद्ध. पलीकडच्या तीसही मुलांचे निकाल रद्द करावेत. शिपाई बाईंना कामावरून कमी करावं. खाली त्यांची नेहमीची ऐटदार सही, शेवटच्या अक्षराची शेपटी डावीकडे वळवून खाली दोन टिंबं. फोटो काढून कार्यालयाला पाठवला. चहाचा कप संपायच्या आत उत्तर आलं: "शाब्बास. मंजूर. पुराव्याचा पान क्रमांक तेवढा कळवा."

साहेबांनी वही उघडली. बेचाळिसाव्या पानावर सरासरीचं गणित होतं. मुलीच्या गोल अक्षरात रीत लिहिली होती: दोन्ही सरासऱ्यांची बेरीज करा, तिचे निम्मे करा. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण, खाली 'शाब्बास', आणि त्याखाली बावीस वर्षांपूर्वीची तारीख.

मावशींचे दोन गुण गेले होते, मुलांचे तीन-तीन, आता तीस निकाल आणि एक नोकरी. साहेबांचं काहीच गेलं नव्हतं. तारखेखाली सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी डावीकडे वळलेली, खाली दोन टिंबं.