छपरावरची कयाक

"जावयबापू, ही दोरी घाटात सुटतली," सासरे म्हणाले. त्यांचं आयुष्य मालवणात होड्यांवर गेलं, आणि मी पुण्याचा. वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत होती कोल्हापुरातल्या तळ्यावर.

चिडून मी कयाक गाडीच्या छपरावर ठेवली, दोरी चारही खिडक्यांतून आरपार घेतली आणि दणकट गाठी मारल्या. मग कळलं, त्याच दोरीनं दारंही बंद झालीयत. अख्खी वाडी हसली.

"सोडा आता ती," सासरे म्हणाले.

मी सोडली नाही. खिडकीतून आत शिरलो आणि सासऱ्यांनाही ओढून घेतलं.

घाटातल्या खड्ड्यांत आरसा निखळला, सायलेन्सर गळून पडला. कयाक जागची हलली नाही.

तळ्यावर चौघांनी सासऱ्यांना खिडकीतून बाहेर उपसलं. लेंगा सावरत ते जमलेल्या लोकांना ऐटीत म्हणाले, "आमच्या जावयान बांधल्यान."