तिसरी हाक

"आई, बटणाला हात लावू नको!" शेखर खेकसला.

बायडाबाईंनी हात पदराखाली घेतला. फिट येऊन चुलीवर पडल्या तेव्हाचा भाजल्याचा डाग त्यावर अजून ताजा होता.

२००३ सालची मे महिन्याची सुट्टी. नाशिकच्या कॉलेजात शेखर कॉम्प्युटर शिकवायचा. रिकामे पडलेले वीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्याने त्यांना एकाच गणिताला जुंपलं होतं. मुंबईच्या तपासणीत नोंदलेल्या लहरींवरून शोधायचं होतं: आईच्या मेंदूत फिट नेमकी कुठून उठते? जागा सापडली, तर मुंबईचे डॉक्टर तेवढीच काढणार होते. नाहीतर ऑपरेशन रद्द. आणि पुढची फिट गावी, सायखेड्याच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर आली तर?

पडद्यावरच्या करड्या मेंदूत लाल ठिपका उमटला. शेखर पडद्याकडे झुकला. ठिपका बोलण्याच्या जागेला चिकटून असता, तर डॉक्टरांनी हात वर केले असते. पण तो लांब होता. चांगला लांब!

"सापडली!" तो ओरडला आणि मग थबकला. "आई, ही ऐकण्याची जागा आहे. फिट यायच्या आधी तुला काही ऐकू येतं का गं?"

चोरी पकडल्यासारखा बायडाबाईंचा चेहरा झाला.

"तुझे आबा हाक मारत्यात. 'बायडा' म्हणून. दोनदा."

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेखरने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"मग तू ओ देतेस?"

"नाय रे. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारतो तो आपला माणूस. म्हणून मी तिसरीची वाट बघती. ती कधी येतच नाय."

शेखरने पडद्यावर फिट पुन्हा चालवून दाखवली. ठिपका पसरला आणि बघता बघता सगळा मेंदू लाल झाला.

"तिसरी येणारच नाही, आई. तोवर तुझी शुद्ध गेलेली असते." त्याने फिट उठली तिथे बोट ठेवलं. "आणि ही जागा काढली, की पहिल्या दोन हाकाही जातील."

टेबलावरचा फोन वाजला. मुंबईचे डॉक्टर होते. शेखरने रिसीव्हर हाताने झाकला. आई नाही म्हणेल, अशी त्याला भीती होती.

"काय सांगू?"

"हो सांग," बायडाबाई म्हणाल्या. "फक्त आठ दिवस मागून घे."

"कशाला?"

"त्याच्या आत एक फिट येऊ दे. आता पहिल्याच हाकेला ओ देती."