बेटाची वाटणी

"दाब की! का सगळा जोर पाहुण्यांना हात हलवण्यातच संपला?" सिरिलो म्हणाला.

नासारियोने करवत खाली दाबली. सिरिलोने ती वर ओढली. पुरुषभर उंचीची ती करवत गवताच्या तरंगत्या बेटात उभी रुतली होती. तिच्या आडव्या मुठीचं एक टोक सिरिलोच्या हातात होतं, दुसरं त्याच्या मेव्हण्याच्या. तितिकाका सरोवरावर रीतच तशी. दोन घरांचं पटेनासं झालं की बेट कापायचं, आणि कापायचं दोघांनी मिळून. रेघ कुणी आपल्याकडे ओढून घेतली, असं उद्या कुणी म्हणायला नको.

निम्मं बेट कापून झालं होतं. वरचं तोतोरा गवत पटकन तुटत होतं, पण खालची मुळं चिवट होती. दोघांच्याही हाताला फोड आले होते.

"दाजी, पाणी प्या घोटभर," नासारियो म्हणाला.

"दाजी म्हणू नकोस. ती होती तोवर दाजी होतो. तूच तिला मारलीस."

"बरं. मग कापा लवकर. तुमचं हे रोजचं ऐकण्यापेक्षा वेगळं झालेलं बरं."

चार महिन्यांपूर्वी सिरिलो सकाळच्या बोटीने काठावरच्या पुनो शहरात बाजाराला गेला होता. इकडे त्याच्या बायकोच्या, नेलिदाच्या पोटात दुखायला लागलं. बेटावर मोटरबोट एकच. ती घेऊन तिचा सख्खा भाऊ सरोवर बघायला आलेल्या बारा पाहुण्यांना ताकिले बेट दाखवायला गेला. शेजारच्या बोटीही त्या दिवशी पाहुण्यांच्याच मागे होत्या. संध्याकाळी नासारियो परतला आणि बहिणीला बोटीत घालून निघाला. पुनोचा धक्का यायच्या आत ती गेली.

"तिला तशी टाकून गेलास कसा?" सिरिलोने विचारलं होतं.

"गेलो. चुकलं," नासारियो म्हणाला होता. त्यापुढे एक शब्द नाही.

त्या दोन शब्दांवर सिरिलोने चार महिने काढले. झोपडीत दर पंधरा दिवसांनी नवं गवत नेलिदा पसरायची. आता ते कुणी पसरत नव्हतं. जमीन भिजली होती. पाय टाकला की पाणी वर यायचं. रात्री अंथरुणाला ओल लागली की सिरिलोला पलीकडच्या झोपडीतलं मेव्हण्याचं घोरणं ऐकू यायचं, आणि डोक्यात तिडीक जायची. पंचांपुढे जाऊन त्याने एकच मागणं मागितलं. ह्या माणसाबरोबर एका बेटावर राहायचं नाही.

दुपारी पाहुण्यांची बोट लागली. पाहुणे आळीपाळीने एकेका बेटावर आणत; आज ह्या बेटाची पाळी होती. वाटाड्याने दोघांकडे बोट दाखवलं.

"पाहा, आपलं बेट ही माणसं कशी जपतात. पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं काम आहे हे. सगळं मिळून करतात."

फोटो निघाले. गुलाबी टोपीवाल्या एका बाईने खुणेनेच दोघांना हसायला सांगितलं.

"हस रे," सिरिलो दात दाखवत आपल्या आयमारा बोलीत म्हणाला. "तुला तर सवय आहे. बहीण कळवळत होती तेव्हाही असाच हसत बोट हाकली असशील."

नासारियो हसला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते बेटावरच्या मनोऱ्यावर चढले, डोंगरांचे फोटो काढले आणि निघून गेले.

म्हातारी आसुंता, नासारियोची आई आणि सिरिलोची सासू, सकाळपासून त्या रेघेवरच बसून होती. करवत जवळ आली की थोडी पुढे सरकायची. दोघांपैकी कुणाशीही बोलत नव्हती. आता फक्त हातभर कापायचं राहिलं होतं.

"उठा आता," सिरिलो तिला म्हणाला. "लेकाकडे जा."

ती लेकाकडेच जाणार हे सगळ्यांनी धरलं होतं. तिचं अंथरूण नासारियोने सकाळीच आपल्या झोपडीत नेऊन ठेवलं होतं. आसुंता उठली. लेकाच्या झोपडीत गेली, अंथरूण गुंडाळून काखेत घेतलं आणि रेघ ओलांडून सिरिलोच्या दाराशी येऊन बसली.

"आई?" नासारियो म्हणाला.

तिने काखेतलं अंथरूण खाली ठेवलं.

सिरिलोच्या अंगात एकदम बळ आलं. उरलेलं हातभर त्याने जवळजवळ एकट्यानेच कापलं. शेवटचं मूळ तुटलं, आणि बेट हलकेच उलगडल्यासारखं दोन बाजूंना झालं. मधे काळं पाणी दिसलं. नासारियोने लांब काठी उचलली आणि आपला तुकडा रेटायला सुरुवात केली.

चार महिन्यांत सिरिलो पहिल्यांदाच मोकळेपणी हसला.

"बघितलंस?" तो पाण्यावरून ओरडला. "जन्म दिलेल्या आईनंसुद्धा तुला टाकलं! तिलाही कळतंय तिची पोर कुणी घालवली ते!"

"त्याला बोलू नकोस," आसुंता म्हणाली. ती तिथेच ओल्या गवतावर बसली होती. "तो जात नव्हता. पाहुण्यांना उतरवतो, तिला घेऊन जातो, म्हणत होता. मीच म्हटलं, पोटच दुखतंय, काढा पाजते, हातची पाळी घालवू नकोस. तरी तो उभाच राहिला. तेव्हा मीच हाताला धरून त्याला बोटीत बसवलं."

सिरिलोने समोर पाहिलं. मधलं पाणी आता उडी मारून ओलांडण्याइतकं राहिलं नव्हतं. पलीकडे नासारियोच्या हातातली काठी थांबली होती. दिवसभरात तो पहिल्यांदाच ओरडला, पण सिरिलोवर नाही.

"आई, माझ्यावरच राहू दे म्हटलं होतं ना!"