वाघाची शांतता

"वाका सर. वाकल्याशिवाय मोह येचता येत नाई," गुणाबाई म्हणाली.

देवस्थळे सर मोहाची फुलं वेचायला हौसेनं वाकले. यंत्र, नीती आणि जगण्याची कला यांवर तीस वर्षं बोलून त्यांनी देशोदेशीच्या शाली पांघरल्या होत्या. आता शेवटच्या पुस्तकासाठी त्यांना जंगलातली पहाट स्वतःच्या हातांनी अनुभवायची होती. गावातलं कुणी सोबत यायला तयार होईना. गुणाबाईनं मात्र एका शब्दात होकार दिला.

दोन वर्षांपूर्वी या रानाच्या कडेला खांबावर एक भोंगा होता. कॅमेऱ्यात वाघ दिसला की तो बोंबलायचा. सर वनखात्याच्या समितीवर आले आणि त्यांनी लिहून दिलं, की जंगलातली शांतता वाघाची आहे; यंत्राच्या भरवशावर माणूस गाफील होतो, त्यानं भीतीसोबत जगण्याची कला शिकावी. भोंगा उतरवला गेला. अकराव्या दिवशी गुणाबाईचा नवरा याच झाडाखाली मोह वेचायला वाकला. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. सरांना तर मेलेल्याचं नावही ठाऊक नव्हतं.

"किती शांत आहे हो इथं!" सर म्हणाले.

"हो, लई शांत हाये."

ती झाडाला पाठ टेकून उभी होती. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात काठी. डबा बडवत बडवत मोह वेचायचा, ही गावाची रीत. आज तिनं डब्याला काठी लावली नव्हती.

नाल्यापलीकडे एक वानर खेकसलं. मग दुसरं.

"काय झालं त्यांना?"

"वाघ दिसला असन."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. फोन काढून त्यांनी हात उंच केला, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. इथं कुठली रेंज!

"बाई, तो डबा वाजवा ना!"

"काऊन? शांतता वाघाची हाये, तुमीच तं लिहून देल्लं. इस्तारी नाव होतं माह्या नवऱ्याचं. इथीच वाकला होता."

गुणाबाईला त्यांची जराही दया आली नाही. दोन वर्षं तिनं याच भेदरलेल्या तोंडाची वाट पाहिली होती.

वानर पुन्हा खेकसलं, या खेपेला जवळ. मग मात्र सरांनी गळ्याच्या शिरा ताणून बोंब ठोकली. शब्द नव्हते त्यात, नुसती बोंब. नाल्याकाठचा पाचोळा खसखसला आणि ती खसखस लांब गेली. सर दम घ्यायला थांबले.

"थांबू नका सर," ती म्हणाली. "भोंगा थांबत नोता."

सर पुन्हा ओरडू लागले. गुणाबाईनं डबा खाली ठेवला, टोपली पुढं ओढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, मागं न बघता, ती मोहाखाली वाकली.