सोबतीला आलेली

"नवरा हिचा आणि घाम तुला फुटलाय!" सिस्टर म्हणाली आणि स्वतःच हसली.

इस्त्रीवाली हसली नाही. ती हातरुमाल पिळत बसली होती. घडीवालीही हसली नाही. चार दिवसांपासून तिला काही जाणवतच नव्हतं. सकाळी चहाने जीभ पोळली, तेही तिला कप रिकामा झाल्यावर कळलं.

दोघी याच दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. पाच वर्षं एकाच टेबलाशी. एकीने इस्त्री फिरवायची, दुसरीने घडी घालायची. घडीवाली कायमची, इस्त्रीवाली रोजंदारीवर. काविळीची लस मिळायची ती फक्त कायमच्यांना.

घडीवालीच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी रक्त तपासलं, तर त्यात बी प्रकारची कावीळ निघाली. ही कावीळ शरीरसंबंधातून लागते, म्हणून बायकोला बोलावणं आलं. निघताना ती इस्त्रीवालीला म्हणाली, "चल माझ्यासोबत."

"मी कशाला गं? कपड्यांचा ढीग पडलाय."

"चल म्हटलं ना."

सिस्टरने नोंदवही उघडली. घडीवालीच्या नावापुढे तीन खुणा होत्या. "अगं, तिन्ही डोस झालेत तुझे! लस अंगी लागलीय का, तेवढं रक्तात बघू. बस निवांत."

"आणि डोस झालेच नसतील तर?"

"तुला कशाला नसत्या चौकश्या?"

"सांगा ना."

"मग आजच लस, आणि दुसऱ्या दंडात वेगळं इंजेक्शन. संबंधाला चौदा दिवस व्हायच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. पुढची लस महिन्याने, मग सहा महिन्यांनी. रक्त आज, तीन महिन्यांनी, पुन्हा सहा महिन्यांनी."

"आजचं चांगलं आलं तरी?"

"तरी. हा आजार आधी दडून बसतो. लगेच रक्तात दिसत नाही."

घडीवालीने एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. महिने विचारले, खोली विचारली, सकाळी किती वाजता यायचं तेही विचारलं. सिस्टरला नवल वाटलं. इतकी शांत बाई तिने या खुर्चीवर पाहिली नव्हती. शेजारी इस्त्रीवाली मान खाली घालून बसली होती. तिचा रुमाल पार चोळामोळा झाला होता.

सिस्टरने फॉर्म पुढे ओढला. "लाजू नकोस, विचारावंच लागतं. नवऱ्याशी शेवटचा संबंध कधी आला? त्यावरून दिवस मोजायचे."

"दोन वर्षं झाली."

सिस्टरचं पेन थांबलं.

घडीवालीने शेजारचा गार हात धरला, टेबलावर ठेवला आणि त्याची बाही दंडापर्यंत वर सारली.

"दिवस हिचे मोजा, सिस्टर. हिचा एकही डोस झालेला नाही."