पठाराची हवा

साळूला कमी बोलणारा नवरा हवा होता. मार्गासनीचा गेनू तिला बघायला रायरेश्वराचं पठार चढून आला आणि धापा टाकत नुसती मान हलवत बसला. "लई गरीब सभावाचा हाय," साळूचे आबा म्हणाले. लग्न झालं.

खाली सासरी गेल्यावर कळलं, गेनू पहाटे जर्मनच्या लढाईपासून सुरू होतो तो झोपेतही थांबत नाही. आबांच्या म्हातारपणाचं निमित्त काढून साळूनं त्याला कायमचं वर आणलं. पहिले दिवस सुखात गेले. गेनू धापा टाकी, मान हलवी.

मग एका दुपारी तो झऱ्यावरून भरली कावड घेऊन चढून आला. धाप नव्हती.

कावड टेकवत गेनू म्हणाला, "हां, तर जर्मन कुठवर आला हुता?"